कळ पायात आहे, पण पायाचा काही दोष नाही

सोलापुरात अक्कलकोट रोडला एका कारखान्यात यंत्रमाग चालवणाऱ्या एका दादांचं पत्र आलंय. वय ४१. पत्र चार पानी आहे, त्यातलं महत्त्वाचं तेवढं इथं देते. डिसेंबरच्या शेवटी बीम, म्हणजे मागाचा सूत गुंडाळलेला जड रूळ, उचलताना कमरेत कचकन काहीतरी झालं, दोन दिवस कंबर धरली, तिसऱ्या दिवशी कंबर बरी वाटायला लागली आणि डाव्या कुल्ल्यातून कळ सुरू झाली ती मांडीच्या मागनं, पोटरीच्या बाहेरच्या बाजूनं, पावलाच्या वरून थेट अंगठ्यापर्यंत. पुढचं त्यांच्याच शब्दांत.

"ताई, बसलो की जास्त, उभारलो की जरा बरं. शिंक आली तर पायात करंट बसतो. अंगठ्यात मुंग्या. एमआरआयमध्ये एल फोर एल फाइव्हला डिस्क बल्ज आणि नस दबली असं लिहिलंय. एक डॉक्टर म्हणाले ऑपरेशन लागेल. शेजारचे म्हणतात मणक्याचं ऑपरेशन केलं की माणूस कायमचा बसतो. आई म्हणते गावाकडं एक जण पाठीवर पाय देऊन शीर जागेवर बसवतो. पाच आठवडे झाले, निम्मा वेळ फळीवर झोपून आहे, गड्ड्याच्या जत्रेला पोरीला पण नेलं नाही. मिसेस विड्या वळते त्याच्यावर घर चाललंय, मुलगी दहावीला. मालक १५ तारखेपर्यंत थांबतो म्हणालाय. मी पांगळा होणार का, तेवढं सांगा."

दादा, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते कारण तोच प्रश्न तुम्हाला रात्री झोपू देत नसणार. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून तरी पांगळं होण्याचं काही लक्षण मला दिसत नाही. पण एक गोष्ट तुम्ही चार पानांत कुठंच लिहिली नाही आणि मला तीच हवी होती, ती म्हणजे पायातली ताकद. कळ किती आहे ते सगळं आलंय, पाऊल उचलतंय का ते आलं नाही. ते कसं तपासायचं ते खाली सांगते, आज संध्याकाळीच बघा.

आधी हे काय झालंय ते नीट समजून घ्या, कारण मी बघते की निम्मी भीती शब्दांनीच घातलेली असते. आपल्याकडं शीर हा एकच शब्द तिन्हीला वापरतात, रक्ताची नळी ती पण शीर, स्नायूची दोरी ती पण शीर आणि मेंदूकडनं निरोप नेणारी आणणारी मज्जातंतूची तार ती पण शीर. मग पायात गोळा आला की शिरेवर शीर चढली म्हणतात आणि कुणीतरी ती उतरवायला बसतो. तुमची जी दुखावलीय ती तिसरी, सायटिक नर्व्ह, आणि तिच्या या दुखण्यालाच सायटिका म्हणतात. अंगातली सगळ्यात जाड नस हीच, बोटाएवढी जाड. कमरेच्या खालच्या मणक्यांमधून आणि त्याखालच्या माकडहाडाच्या वरच्या हाडातून पाच मुळं निघतात, ती एकत्र येऊन ही नस होते, कुल्ल्याच्या आतल्या स्नायूखालून मांडीच्या मागं उतरते आणि गुडघ्याच्या वर तिचे दोन फाटे होतात, ते पावलापर्यंत जातात. म्हणून मुळाशी कमरेत काही झालं तरी बोंब पायात उठते. पायाचा काही दोष नाही, पाय फक्त निरोप सांगतोय. त्यामुळं पोटरीला तेल रगडून, पायाला पट्टी आवळून काही होत नाही हे तुम्हाला पाच आठवड्यांत कळलंच असेल.

आता ते "गादी सरकली" प्रकरण. गादी म्हणजे दोन मणक्यांमधली चकती, ती सरकत बिरकत नाही, ती वरच्या खालच्या मणक्याला पक्की चिकटलेली असते. शेंगापोळी लाटताना कडेला जरा पातळ झाली की तिथनं सारण बाहेर डोकावतं बघा, तसं होतं. चकतीच्या बाहेरची वेढ्यावेढ्याची भिंत चिरते आणि आतला मऊ गर त्या बाजूला फुगतो नाहीतर बाहेर येतो. तिथंच शेजारून नसेचं मूळ जात असतं. नुसता दाब पडतो म्हणून दुखत नाही बरं का, तो गर बाहेर आला की तिथं सूज येते, आग होते, त्यानं नस चिडते आणि चिडलेली नस शिंकेला पण करंट मारते. बऱ्याच जणांना हे कुणी सांगतच नाही, त्यांना वाटतं मणक्यात दगड अडकलाय आणि तो काढल्याशिवाय सुटका नाही. सूज ओसरते. आणि बाहेर आलेला गर आपलंच शरीर परका समजून हळूहळू खाऊन टाकतं, तो आटतो. गंमत वाटेल पण नुसता बल्ज असतो त्यापेक्षा फुटून बाहेर पडलेला मोठा तुकडा जास्त आटतो. रिपोर्टमध्ये मोठा शब्द म्हणजे मोठं संकट असं नसतं ते यासाठी सांगतेय.

तुमची कळ अंगठ्यापर्यंत जाते आणि एमआरआयमध्ये एल फोर एल फाइव्ह, म्हणजे कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली जागा लिहिलीय, हे दोन्ही जुळतंय. त्या जागेला दबतं ते एल फाइव्हचं मूळ आणि ते पावलाच्या वरच्या भागाला आणि अंगठ्याला जातं. करंगळीकडं, तळव्याच्या बाहेरच्या कडेला मुंग्या असत्या तर त्याच्या खालचं मूळ म्हटलं असतं. हे जुळणं फार महत्त्वाचं, कारण एमआरआय एकटा काहीच सांगत नाही. २०१५ साली एक मोठा आढावा छापला गेला, ज्यांना कंबरदुखी अजिबात नाही अशा ३ हजारांहून जास्त लोकांचे स्कॅन त्यात होते. चाळिशीतल्या निम्म्या लोकांमध्ये डिस्क बल्ज निघाला. निम्म्या! दुखणं शून्य, आणि बल्ज आहे. तुमच्या खात्यातल्या दहा धडधाकट माणसांचे स्कॅन काढले तर चार पाच जणांच्या कागदावर डिस्क बल्ज हेच शब्द येतील. तो कागद उशाखाली ठेवून रोज वाचू नका एवढंच माझं म्हणणं आहे.

आता ताकद. खुर्चीत बसा, दोन्ही टाचा जमिनीला, दोन्ही पायांचे अंगठे वर ओढून धरा आणि वहिनींना सांगा एका बोटानं एकेक अंगठा खाली दाबा. उजवा जेवढा तग धरतो तेवढाच डावा धरतो का बघा. मग उभं राहून भिंतीला हात लावून टाचांवर दहा पावलं चाला, चवडे वर. डावा चवडा खाली पडतोय का? मग डाव्या एका पायावर चवड्यावर वर खाली, दहा वेळा, तसंच उजव्यावर. आणि एक साधी गोष्ट आठवून बघा, चालताना डाव्या पायातली चप्पल निसटते का? ओपीडीत मी हा प्रश्न पहिला विचारते. कितीतरी लोकांना पाऊल कमजोर झालंय ते कळत नाही, ते म्हणतात चप्पल सैल झाली, नवीन घेतली तरी निसटतीय. फरशीवर पाऊल फट्कन आपटल्याचा आवाज येत असेल तर तेही त्यातलंच. अंगठा नीट तग धरत असेल आणि टाचांवर चालता येत असेल तर जिवाला घोर लावून घेऊ नका. कमी असेल तर ऑर्थोपेडिक किंवा न्यूरोसर्जनला दोन दिवसांत दाखवायचं, आणि आठवड्याभरात आणखी कमी होतंय असं वाटलं तर थांबायचंच नाही. दर रविवारी हेच करून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

याच्याच जोडीला दुसरी एक गोष्ट लिहायची, कळ कुठपर्यंत गेली ते. किती दुखलं ते नाही, कुठपर्यंत गेली. आज अंगठ्यापर्यंत आहे, पुढच्या आठवड्यात घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत, मग मांडीतच, असं वर वर सरकत असेल तर नस शांत होतेय असं समजा, मग त्या दिवसांत कंबर जास्त का दुखेना. लोक इथंच घाबरतात, म्हणतात पायाचं कमी झालं पण कमरेत वाढलं. अहो ते चांगलं चिन्ह आहे. उलट कंबर मोकळी झाली आणि कळ आणखी खाली उतरली तर जे काही करताय ते थांबवायचं. फक्त एका ठिकाणी फसू नका. कळ एकदम गेली पण पाऊल लुळं पडलं किंवा पाय बधिर झाला, ही सुधारणा नव्हे, ते नस जास्त दबल्याचं लक्षण आहे. म्हणून म्हणते कळ आणि ताकद दोन्ही शेजारी शेजारी लिहा.

आणि हे आता घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. गाडीच्या सीटला अंग जिथं टेकतं तो भाग, म्हणजे जांघेच्या आतली बाजू, शौचाची लघवीची जागा, तिथं बधिरपणा आला, लघवी अडकली किंवा कळत नकळत सुटायला लागली, संडासवरचा ताबा गेला, दोन्ही पायांत कळ किंवा कमजोरी आली, यातलं एक जरी झालं तर रात्रीचे दोन वाजलेले असू देत, सकाळची वाट बघायची नाही, १०८ ला फोन करून सिव्हिलला इमर्जन्सीत जायचं आणि तिथं हेच शब्द सांगायचे. मणक्याच्या खालचा सगळा नसांचा जुडगा दबला की असं होतं, लाखात थोड्यांना होतं, पण त्यात तास मोजायचे असतात, उशीर झाला तर लघवीचा ताबा परत येईलच असं नाही. लाजून दोन दिवस घरात बसलेली माणसं मी बघितलीयत, म्हणून इतकं स्पष्ट लिहितेय. तसंच बारीक ताप, वजन उतरणं, रात्री झोपल्यावर पण न थांबणारी कंबरदुखी, घरात कुणाला टीबी होऊन गेलेला, असं काही असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा, आपल्याकडं मणक्याचा टीबी काही दुर्मिळ नाही आणि तो सुरुवातीला नुसती कंबरदुखी म्हणूनच येतो.

फळीवर झोपणं आजपासून बंद करा. हे मी हात जोडून सांगतेय. माझे वडील ड्रायव्हर होते, मी कॉलेजात असताना त्यांना हेच झालं आणि कुणीतरी सांगितलं म्हणून आम्ही त्यांना महिनाभर फळीवर झोपवलं, जेवण पण आडवंच. महिन्यानं उठवलं तर कळ होतीच, वर डाव्या पोटरीचा घेर उजवीपेक्षा इतका कमी झालेला की पायजम्याच्या कापडातून कळत होता. अंगातली ताकद परत यायला त्यांना पुढं चार महिने लागले. प्रेमानंच केलं होतं सगळं. नेदरलँड्समध्ये १९९९ साली सायटिकाच्या १८३ पेशंटवर हेच तपासलं होतं, निम्म्यांना दोन आठवडे झोपवून ठेवलं, निम्म्यांना नाही, आणि १२ आठवड्यांनी दोन्हीकडं ८७ टक्के लोक सुधारलेले. म्हणजे झोपून काडीचा फायदा नाही, स्नायू मात्र जातात. कळ अगदी असह्य असेल त्या दिवशी पडा थोडा वेळ, पण दिवस पडून घालवू नका. गादीही मध्यम कडक हवी, नेहमीची कापसाची चालते.

झोपायचं कसं ते सांगते. उजव्या कुशीवर, दोन्ही गुडघे थोडे वाकवून, आणि दोन गुडघ्यांच्या मध्ये आपली सोलापुरी चादर चार घड्या करून. जाड असते, दबत नाही, त्यासारखी उशी नाही. उताणं झोपायचं असेल तर तीच चादर गुंडाळी करून गुडघ्यांखाली. उठताना सरळ उठून बसायचं नाही, आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, हातानं रेटा देऊन उठायचं. शिंक खोकला आला की पुढं वाकायच्या ऐवजी भिंतीला हात टेकून जरा मागं झुकायचं, करंट कमी बसतो, करून बघा.

बसणं हा तुमचा मोठा वैरी आहे सध्या. बसल्यावर, त्यातही पुढं वाकून बसल्यावर चकतीवर दाब वाढतो, म्हणूनच तुम्हाला उभारलं की बरं वाटतं. तर जेवायला खाली मांडी घालून नको, महिनाभर टेबल नाहीतर कट्ट्यावर ताट ठेवून उभ्यानंच जेवा. संडास भारतीय असेल तर बाजारात प्लास्टिकचं कमोड स्टूल मिळतं ते ठेवा, आणि पोट साफ राहील असं बघा, कारण कुंथलं की कळ उठते. वीस मिनिटांपेक्षा जास्त सलग बसू नका. मोटारसायकल तूर्त नकोच, आपल्या रस्त्यांवरचे स्पीडब्रेकर एकेक मोजून घेतो हा पाय. पाठीमागच्या खिशात पाकीट ठेवून बसायची सवय असेल तर ती कायमची सोडा.

चालायचं मात्र रोज. एकदम तासभर नको, दहा दहा मिनिटं दिवसातून चार पाच वेळा, सपाट जागेवर. सकाळी लवकर सिद्धेश्वर तलावाच्या काठानं जा, फेब्रुवारी आहे तोवर हवा बरी आहे, मार्च लागला की उन्हाच्या आत परत यायला लागेल. चालताना थोडी कळ येणारच, चालेल, थांबल्यावर अर्ध्या तासात ती आधीच्या जागेवर आली पाहिजे एवढंच बघायचं.

व्यायामाचं विचारलं नाहीत पण सांगतेच, कारण मोबाईलवर बघून लोक नेमका उलटा करतात. पाय सरळ ठेवून पुढं वाकून अंगठे धरणं, ते पश्चिमोत्तानासन, सध्या अजिबात नाही. मांडीच्या मागं ताणतंय ते स्नायू आखडलाय म्हणून नाही, नस चिडलीय म्हणून, आणि चिडलेल्या नसेला ओढलं तर ती आणखी चिडणार. तुमच्यासारख्यांना बहुतेक वेळा मागं झुकण्यानं बरं वाटतं. पोटावर झोपा, दोन मिनिटं नुसतं पडा, मग कोपरांवर या, एक मिनिट, मग जमलं तर भुजंगासनासारखं हात सरळ करून छाती वर, कंबर सैल सोडून, दहा वेळा, दिवसातून तीन चारदा. कळ वर सरकली तर चालू ठेवा, खाली उतरली तर बंद. प्रत्येकाला मागं झुकणं मानवतंच असं नाही, साठीच्या पुढच्या माणसांना नसेची जागाच अरुंद झालेली असते, त्यांना उलट पुढं वाकल्यावर बरं वाटतं, म्हणून शेजारच्या काकांना तुमचा व्यायाम देऊ नका. एकदा जवळच्या फिजिओथेरपिस्टकडं जाऊन समोर करून घ्या, दोन तीन वेळा गेलं तरी पुरतं, रोज जाऊन नुसता शेक आणि मशीन लावून घ्यायला पैसे घालवू नका. शेक घरी गरम पाण्याच्या पिशवीनं पण होतो.

आईंना माझा नमस्कार सांगा आणि सांगा की पाठीवर पाय देऊन घ्यायचं नाही. त्यांचा हेतू चांगला आहे, पण चिरलेल्या चकतीवर कुणी उभं राहिलं तर आत राहिलेला गर पण बाहेर येऊ शकतो. आपल्या जुन्या वैद्यकात या दुखण्याला गृध्रसी म्हणतात, गृध्र म्हणजे गिधाड, लंगडत जाणाऱ्या माणसाची चाल बघून दिलेलं नाव. म्हणजे हे दुखणं आपल्या पूर्वजांना चांगलं माहीत होतं. तेल लावून हलकं चोळायचं असेल तर कमरेला चोळा, बरं वाटतं. पण बिननावाच्या पुडीतलं औषध घेऊ नका, असल्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे, चार दिवस जादू वाटते आणि नंतर साखर, बीपी, हाडं सगळं बिघडतं. आणि कुल्ल्यात इंजेक्शन घेताना नेहमी वरच्या बाहेरच्या कोपऱ्यातच, मधोमध किंवा खाली टोचलं तर सुई याच नसेत जाऊ शकते, तशा केसेस येतात आमच्याकडं.

गोळ्यांचं. तुम्ही पत्रासोबत चिठ्ठीचा फोटो पाठवलाय, त्यात दुखणं सूज कमी करायची गोळी आहे, ॲसिडिटीची आहे आणि नसेच्या दुखण्यासाठी देतात ती प्रीगाबॅलिन आहे. पहिली थोडे दिवस जेवल्यावर घ्यायला हरकत नाही, पण बीपी, किडनी, अल्सर यातलं काही असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि मेडिकलमधून परत परत आपल्या मनानं आणायची नाही. प्रीगाबॅलिनवर ऑस्ट्रेलियात २०९ सायटिकावाल्यांचा अभ्यास झाला, २०१७ साली छापून आला, त्यात ही गोळी आणि खोटी गोळी यांत कळ कमी होण्यात काही फरक निघाला नाही, चक्कर मात्र गोळीवाल्यांना जास्त आली. तुम्ही मागावर काम करणारे, फिरत्या पट्ट्याशेजारी चक्कर म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको. फायदा वाटत नसेल तर डॉक्टरांना तसं सांगून हळूहळू कमी करून बंद करा, एकदम तोडू नका.

ऑपरेशनचं. शेजारी म्हणतात तसं काही नाही. ऑपरेशन म्हणजे मणका कापून टाकत नाहीत, छोट्या छेदातून नसेवर टेकलेला तेवढा तुकडा काढतात, माणूस बहुतेक दुसऱ्या दिवशी चालतो. पण घाईही नाही. २००७ साली नेदरलँड्सच्याच डॉक्टरांनी २८३ पेशंट घेतले, सगळ्यांना सहा ते बारा आठवडे जोरात सायटिका. काहींचं लगेच ऑपरेशन केलं, बाकीच्यांना थांबवलं. ऑपरेशनवाल्यांची पायातली कळ लवकर गेली हे खरं. पण वर्षाच्या शेवटी दोन्हीकडं ९५ टक्के लोक बरे. थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांनी पुढं ऑपरेशन करून घेतलं, म्हणजे बाकीचे तसेच बरे झाले. तर ताकद शाबूत असेल तोवर हा निर्णय तुमचा आहे, भीतीपोटी घ्यायचा नाही. तुम्ही पाच आठवड्यांवर आहात. बारा आठवड्यांनी पण कळ पोटरीखालीच अडकून असेल, झोप नसेल, काम होत नसेल, तर ऑपरेशनचं जरूर बोला, त्याच्या आधी मणक्याजवळ नसेपाशी द्यायचं एक इंजेक्शन असतं त्यानं काही आठवडे आराम पडतो का ते पण विचारा. ताकद जात असेल तर मात्र बारा आठवडे वगैरे काही थांबायचं नाही, ते वर सांगितलंय.

वहिनींचं पत्रात एका ओळीत आलंय पण मला तिथंच थांबावंसं वाटलं. मांडी घालून, मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून दिवसाला हजार विड्या वळायच्या म्हणजे तोच पुढं वाकलेला मणका रोज आठ नऊ तास. आता घर त्यांच्यावर आहे म्हटल्यावर त्या थांबणार नाहीत आणि मी थांबा म्हणणार पण नाही. पण पाठीला भिंत द्या, कुल्ल्याखाली जाड घडी घालून बूड जरा उंच करा, आणि एकेक कट्टा बांधून झाला की उठून दोन्ही हात कमरेवर ठेवून मागं झुकायचं, पाच वेळा, मग पुढचा कट्टा. त्यांची कंबर पण सांभाळायला लागेल. आणि तुम्ही विडी ओढत असाल तर ती सोडा, चकतीला तसंही रक्त कमी मिळतं, धुरानं ते आणखी कमी होतं.

१५ तारखेचं. मालकांना सांगा की येतो, पण बीम उचलणार नाही. पहिले दोन आठवडे अर्धी पाळी, उभ्यानं करायचं काम, कांड्या भरणं, तुटलेली दोरी सांधणं, बघणं. मागापुढं एक वीट किंवा लाकडी ठोकळा ठेवा आणि आलटून पालटून एक पाय त्याच्यावर, कंबरेचा ताण कमी होतो. बीम यापुढं कधीच एकट्यानं नाही, दोघांनी किंवा ट्रॉलीवरच, ते तुमच्याच नाही खात्यातल्या सगळ्यांसाठी मालकांना सांगा, एका बीमपायी एक चांगला कारागीर पाच आठवडे घरी बसलाय हे त्यांनाही दिसतंय. पगारातून ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विम्याचा हप्ता, कापत असतील आणि हप्ते पुरेसे भरलेले असतील तर आजारपणाच्या रजेचे पैसे मिळतात, पगाराच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत, तिथल्या डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं. पगाराची पावती काढून बघा, आणि हे मालकाशी बोलायच्या आधी बघा.

आज संध्याकाळी अंगठ्याचं बघून मला कळवा, डावा उजव्याइतका तग धरतोय का, नुसतं हो किंवा नाही लिहिलंत तरी चालेल.